दाचीगामचा हंगुल: 'सफारी' विकत घेऊ नका, पहाटे चाला

हंगुल हे काश्मिरी हरीण जिथे राहतं त्या श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात ताडोबासारखी जिप्सी सफारी नसते. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण श्रीनगरमध्ये डलगेटजवळच्या एका ट्रॅव्हलवाल्याने आम्हाला माणशी सात हजारांत 'हंगुल सफारी' विकायचा जोरदार प्रयत्न केला. दुपारी जेवून निघा, चारपर्यंत चार-पाच नर दाखवतो, म्हणे. आमच्याच हॉटेलात उतरलेल्या नाशिकच्या कुटुंबाने ती घेतली. त्यांना कुंपणामागचं अस्वल दिसलं, ट्राउटच्या टाक्या दिसल्या, आणि पाचला ते परत आले. हंगुल नाही. दुपारी चार वाजता तो दिसणारही नव्हता. ऊन चढलं की तो झाडीत शिरतो आणि संध्याकाळ उतरेपर्यंत सहसा बाहेर पडत नाही. असं पॅकेज विकणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

हंगुल म्हणजे काश्मीरचं मोठं हरीण. मध्य आशियातल्या तांबड्या हरणांची ही उपजात भारतात आता काश्मीरपुरतीच उरली आहे, आणि तिचा मुख्य कळप दाचीगामच्या १४१ चौरस किलोमीटरमध्येच राहतो. २०२३ च्या गणनेत २८९ हंगुल मोजले गेले. १९७० च्या सुमारास तर दीडशेच्या आसपासच उरले होते. हे मूळचं काश्मीरच्या महाराजांचं शिकारीचं रान. १९१० मध्ये ते राखीव झालं, तेही शिकारीसाठी आणि श्रीनगरच्या पाण्यासाठी. आजही दगवान नाल्याचं पाणी खाली हारवनला अडवून शहराला देतात. राष्ट्रीय उद्यान झालं १९८१ मध्ये. शिंगांसाठी आणि मांसासाठी पिढ्यानपिढ्या मारला गेलेला हा प्राणी माणूस दिसला की थांबत नाही, आणि माझ्या मते त्याचं बरोबरच आहे. वर उन्हाळी कुरणांत मेंढ्या आणि धनगरी कुत्री येतात, खालीही सरकारी मेंढीपैदास केंद्र कित्येक दशकं उद्यानाच्या आतच होतं. दोन्ही बाजूंनी जागा आवळत आणल्यावर तो आपल्यासाठी रस्त्यावर येऊन उभा राहील ही अपेक्षाच चुकीची आहे.

परवान्याचं काम कोणाकडे देऊ नका. श्रीनगरमध्ये वन्यजीव खात्याच्या कार्यालयात स्वतः जा, ओळखपत्राच्या प्रती न्या, आणि सुट्टीचा दिवस मध्ये येत नाही ना ते पाहून ठेवा. पहाटे आत जायचं आहे आणि वनरक्षक सोबत हवा आहे हे तिथेच स्पष्ट सांगा. नाहीतर ऑफिसच्या वेळेतला प्रवेश गळ्यात पडतो आणि मग सगळंच वाया.

टॅक्सीचा मात्र मला अजूनही राग आहे. डलगेटपासून फाटक वीसेक किलोमीटर. रात्री आम्हाला साडेचार हजार सांगितले, 'जंगल चार्ज' धरून. असा कोणताही चार्ज नसतो. दल सरोवराच्या कडेने हारवनकडे जाणारा हा साधा डांबरी रस्ता आहे. शेवटी शालिमारजवळच्या एका ड्रायव्हरने जाऊन-येऊन, थांबण्यासकट, अठराशेत नेलं आणि पहाटे पाचला दारात हजर होता. सौदा आदल्या संध्याकाळीच करा आणि थांबण्याचे पैसे आत धरले आहेत का ते तोंडाने वदवून घ्या. आम्हाला गाडी फाटकाशीच सोडावी लागली. पुढे पायी.

फाटकापासून उद्यानातल्या द्राफामाच्या दिशेने जाणारा रस्ता सोपा आहे, सरोवराकाठी फिरल्यासारखा. त्यावरून हंगुल दिसला तर नशीब. आमच्या वनरक्षकाने आधीच सांगितलं होतं, "जनाब, हंगुल चाहिए तो ऊपर चढ़ना पड़ेगा." हे ऊपर म्हणजे डावीकडचा एक आडवा नाला, आणि त्याबद्दल आम्हाला कुणीही, अगदी कुणीही सावध केलं नव्हतं.

खालचा टप्पा मोकळ्या दगडांचा, वर ओल्या पानांचा थर. पाऊल टाकलं की पानं सरकतात आणि खालचा दगडही त्यांच्याबरोबर जातो. धरायला बारीक झुडपं, तीही निम्मी काटेरी. राजगड-तोरणा ज्यांचा नेहमीचा आहे त्यांना चढाचं काही वाटू नये, पण सह्याद्रीत खडक पायाखाली घट्ट असतो. इथे नसतो. त्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीची पहाट, बोटं गारठलेली, आणि टॉर्च लावायची नाही. घोट्यापर्यंतचे, खोल खाचांचे बूट नसतील तर या नाल्यात शिरू नका. आमच्यातला एकजण पळायचे बूट घालून आला होता, त्याला अर्ध्यातून बसत-बसत खाली उतरवावं लागलं. उतरताना काठी हवीच, गुडघे मोडून निघतात.

शिवाय अस्वलं. शरद ऋतूत काळी अस्वलं अक्रोड आणि ओकची फळं खायला याच उतारांवर असतात. अस्वल दचकू नये म्हणून आवाज करायचा, आणि हंगुल पळू नये म्हणून गप्प राहायचं! वनरक्षक दाट झाडीच्या वळणावर मुद्दाम खाकरायचा, झाडी मोकळी झाली की हाताने सगळ्यांना गप्प करायचा. कुठे खाकरायचं हे त्याला कळतं, आपल्याला नाही. म्हणून त्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

वाऱ्याचंही तसंच. ऊन येण्याआधी गार वारा दरीतून खाली वाहतो, म्हणजे चढणाऱ्याच्या तोंडावर येतो आणि आपला वास मागे राहतो. ऊन तापलं की वारा उलटा वर चढतो आणि आपल्याआधी आपला वास वर पोचतो. साडेसहापर्यंत जागेवर बसलेले असाल तरच या चढाईला अर्थ आहे.

आम्ही बसलो होतो. आधी हाक आली. खोल, घोगरी, शेवटाला चिरत गेलेली, समोरच्या गवताळ उतारावरून. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला भाग हा नरांच्या माजाचा काळ, त्यामुळे एकाने हाक दिली की दुसरा उत्तर देतो. मग दुर्बिणीत पाच माद्या, आणि त्यांच्या मागून तो. करडा-तपकिरी, मानेला दाट केस, पुठ्ठ्यावर फिकट डाग, आणि शिंगं! दोन्ही मिळून बारा टोकं मोजली, मागच्या फांदीआड आणखी असतील. त्याने मान मागे टाकून परत हाक दिली तेव्हा तोंडातून वाफ निघताना दिसली. माझे हात थरथरत होते, थंडीने नव्हे. आयुष्यात पाहिलेल्या प्राण्यांमध्ये हा पहिला, वाघाच्याही आधी. काश्मीरमध्ये दुसरं काहीही पाहिलं नाही तरी चालेल, एवढं पाहा.

बाकीचे दिवस बागा, शिकारा, नेहमीचं. छान होतं.

दुर्बीण ८×४२ ची न्या. मोबाईलने इथे काही होत नाही, अंतर फार असतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, एकाकडे तरी पोस्टपेड हवं. वरच्या दाचीगामची, मारसर तलावाकडची आशा धरू नका. तिकडचा परवाना वेगळा आणि सुरक्षेमुळे तो भाग केव्हाही बंद होतो. २०२५ च्या जुलैत महादेव शिखराच्या बाजूला चकमक झाली तो हाच डोंगर. निघण्याच्या आदल्या दिवशी खात्याला फोन करून उद्यान उघडं आहे का विचारा, आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. त्रालकडचं शिकारगाह 'हंगुल केंद्र' म्हणून कुणी दाखवतो म्हणाला तर नको म्हणा. तेही जुनं शिकारीचं रान आहे, तिथे प्रजननाचं सरकारी काम रखडत चाललं आहे, पर्यटकाने जायची ती जागा नाही.

चढ जमणार नसेल तर हिवाळ्यात जा. बर्फ पडला की कळप खालच्या दाचीगाममध्ये उतरतात आणि रस्त्याजवळून दिसण्याची शक्यता वाढते. हाका मात्र तेव्हा ऐकू येणार नाहीत, आणि मार्च-एप्रिलमध्ये नर शिंगं टाकतात, त्यामुळे वसंतातली 'हंगुल टूर' कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.