साठ पत्ते आणि पापडांचा डबा

मुंबईच्या स्पर्धेला आठ दिवस उरलेत आणि माझा पोकेमॉन पत्त्यांचा डेक, म्हणजे खेळायची गड्डी, अजून ६३ वर अडलाय. नियम ६० चा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

काल पडवीत बसून नुसते सुरुवातीचे सात-सात पत्ते उचलत राहिलो. बेसिक पोकेमॉन, म्हणजे ज्यांच्याशिवाय खेळ सुरूच करता येत नाही ते पत्ते, आठच होते. साठात आठ असले की पहिल्या सातांत एकही न येण्याची शक्यता जवळपास ३५ टक्के! मग हातातले पत्ते दाखवा, पुन्हा पिसा, वर समोरच्याला एक जादा पत्ता. बारा केले तर तेच १९ टक्क्यांवर येतं. म्हणजे चार वाढवून आता तीन नाही, सात पत्ते काढायचे. काढले. दोन तर फक्त हौसेपायी ठेवले होते, कबूल.

दुसरी कटकट रत्नागिरीची हवा. पावसाळ्यात फॉइलचे चकचकीत पत्ते अळूच्या पानासारखे वळतात, प्लास्टिकची स्लीव्ह घालूनही गड्डीत ओळखू येतात, आणि खुणेचा पत्ता म्हणून पंच दंड लावू शकतात. फॉइलच्या जागी साधे घातले, सगळी गड्डी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली.

"अरे, त्यातले पापड कुठे गेले?" आईने विचारलं.

आज दुपारपासून तळतोय.