नव्वद दिवसांची उधारी

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज एमबीएच्या पहिल्या वर्षाला खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, शिकवलं. फळ्यावर नेहमीचं उदाहरण घातलं. वर्षाची विक्री ७३ लाख, म्हणजे दिवसाला २० हजार. पैसे ९० दिवसांनी येतात, तर अडकले किती? वर्गातून उत्तर आलं, १८ लाख. बँकेचा दर १२ टक्के धरला तर वर्षाला २ लाख १६ हजार नुसतं व्याज. गणित बरोबर आलं म्हणून मी डस्टर उचललं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे आमच्या घरचंच आहे."

तिच्या पप्पांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग येतात, पप्पा मशीनिंग करून पुढे देतात. संगणकावर चालणारी दोन सीएनसी मशीन, पाच कामगार. तिला सगळं तोंडपाठ होतं. बिल केलं की पैसे येवोत न येवोत, जीएसटी भरायचाच. पगार सात तारखेला. इन्सर्टवाला (मशीनची कापायची पाती विकणारा) रोखीशिवाय माल देत नाही. लाइटबिल थकून चालत नाही. "सीसी (बँकेच्या उचल-कर्जाची मर्यादा) कायम फुल्ल असते मॅडम. महिनाअखेरीला पप्पा घरी आले की फोन सायलेंटवर टाकतात."

अगदी सहज सांगत होती. वर्ग मात्र एकदम शांत झाला.

मी कायदा सांगितला. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा कायदा: लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, दरमहा हिशेब करून. प्राप्तिकरातही आता माल घेणाऱ्या कंपनीला मुदत टळून वर्षअखेर थकलेलं बिल खर्चात धरता येत नाही, पैसे देतील त्याच वर्षी धरता येतं. तक्रारीसाठी सरकारनं २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तक्रार कुणाची करायची मॅडम? मोठं काम देणारी पार्टी एकच आहे. दुसऱ्या दिवशी काम शेजारच्या गाळ्यात जाईल."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तास संपला.

स्टाफरूममध्ये चहा पुढ्यात आला आणि शुक्रवारचा तास आठवला. याच मुलांना मी सांगितलं होतं, देणी जमतील तितकी लांबवा, तो बिनव्याजी पैसा. पुस्तकात तसंच आहे, परीक्षेत त्याला गुण आहेत, अकरा वर्षं मी तेच शिकवत आले. शुक्रवारी ती मुलगीही वहीत उतरवून घेत होती. तो पैसा बिनव्याजी नाहीच. त्याचं व्याज शिरोलीत कुणीतरी सीसीवर भरतंय.

हे मला फार लागलं. आमच्याकडे मुलं येतात ती इचलकरंजीच्या मागावरून, हुपरीच्या चांदीच्या कामातून, कागलच्या वर्कशॉपांतून. उधारी, हप्ता, अॅडव्हान्स हे शब्द ती लहानपणापासून जेवताना ऐकतात. आणि आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून मोठ्या कंपनीच्या फायनान्स मॅनेजरच्या खुर्चीत बसवतो. तिथून वर्कशॉपवाला दिसतच नाही, 'धनको', म्हणजे ज्यांचे पैसे देणं आहे, त्या ओळीतला आकडा तेवढा दिसतो. यातली कितीतरी मुलं उद्या अशाच कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये लागतील, बिलं पास करायला बसतील. कुणाचं बिल आज काढायचं आणि कुणाचं पुढच्या महिन्यावर ढकलायचं, हे त्यांच्या हातात असेल. म्हणून हे आत्ताच, वर्गातच बोलायला हवं.

उद्या पावणेआठचा तास आहे. एक मोठा कार्डशीट काढून ठेवलाय. डावीकडे वर्कशॉपचा ताळेबंद, उजवीकडे कंपनीचा. डावीकडे १८ लाख येणी, उजवीकडे तेच १८ लाख देणी. अर्ध्या वर्गानं डावीकडे बसायचं, अर्ध्यानं उजवीकडे, आणि पेमेंटची मुदत आपसात ठरवायची. ४५ दिवसांवर आले तर डावीकडचे ९ लाख मोकळे होतात आणि व्याजाचे १ लाख ८ हजार वाचतात. उजवीकडच्यांना ते ९ लाख कुठून आणायचे हे सांगावं लागेल. त्यांचीही अडचण खरी आहे, तीही नीट ऐकून घ्यायची.

घरची गोष्ट वर्गात वापरू का, असं त्या मुलीला निघताना विचारलं होतं. साडेनऊला मेसेज आला. "पप्पा म्हणाले चालेल. फक्त पार्टीचं नाव नको."