इतके कॉन्स्टंटाइन कशासाठी?

बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन, साम्राज्याचा विषय निघाला की तिथल्या सम्राटांबद्दल एक प्रश्न हमखास येतो : "ह्या लोकांना दुसरं नाव सुचत नव्हतं का? जो तो कॉन्स्टंटाइन! तुमच्या लक्षात तरी कसे राहतात?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ते आकडे बाजूला ठेवा. पाचवा, सातवा, नववा ही मोजदाद इतिहासकारांनी मागाहून केलेली आहे. त्यांच्यापैकी कोणी स्वतःला 'सातवा' म्हणवून घेतलं नाही. लोक त्यांना ओळखायचे ते बापावरून, घराण्यावरून नाहीतर टोपणनावावरून. आपण थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणतो, तसंच. शिवाय मोजदादही धड नाही. 641 ते 668 राज्य केलेल्या ज्या सम्राटाला पुस्तकं 'दुसरा कॉन्स्टन्स' म्हणतात, त्याच्या नाण्यांवर चक्क कॉन्स्टंटाइन लिहिलेलं आहे. त्या सोन्याच्या नाण्यांवर त्याची छातीवर रुळणारी भलीमोठी दाढी दिसते. 'पोगोनाटोस', म्हणजे दाढीवाला, हे टोपणनाव खरं तर त्याचंच असणार. पण पुढच्या लेखकांनी ते त्याच्या मुलाला, चौथ्या कॉन्स्टंटाइनला चिकटवलं. ह्या मुलाच्या नाण्यांवर दाढी अगदी आखूड आहे.

आता नावाचं. ज्या पहिल्या कॉन्स्टंटाइनने 330 साली राजधानी बॉस्फरसच्या सामुद्रधुनीकाठी, कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला), आणली आणि जो पुढे संत मानला गेला, त्याचं हे नाव. ते लावणं म्हणजे त्या वारशावर हक्क सांगणं. हा हक्क किती रोकडा होता ते 813 सालच्या प्रकरणात दिसतं, आणि मला ह्या सगळ्या इतिहासात तेच प्रकरण सगळ्यात बोलकं वाटतं.

त्या वर्षी शेजारच्या बल्गार लोकांचा खान क्रुम साम्राज्याच्या सैन्याची धूळधाण उडवत होता. कॉन्स्टँटिनोपलमधल्या पवित्र प्रेषितांच्या चर्चमध्ये प्रार्थना चालली असताना काही जणांनी शेजारच्या राजसमाधीचं दार उचकटलं, आत घुसले आणि पाचव्या कॉन्स्टंटाइनच्या थडग्यापुढे पडून ओरडू लागले, "ऊठ, राज्य बुडतंय, वाचव!" तो घोड्यावर बसून बल्गारांशी लढायला निघालाय अशी आवईही त्यांनी उठवली. पाचवा कॉन्स्टंटाइन 775 मध्येच वारला होता. प्रतिमापूजेचा कट्टर विरोधक म्हणून धर्मगुरूंनी त्याला शिव्याच घातल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी कुंडातच घाण केली अशी कथा रचून त्याला घाणेरडं टोपणनावही दिलं. ही समाधीची हकीकत लिहिणारा थिओफानीसही त्याचा द्वेष करणाराच. पण सैनिकांना आठवत होता तो बल्गारांना पुन्हा पुन्हा हरवणारा राजा.

हे सगळं पाहून 813 मध्येच गादी बळकावणाऱ्या पाचव्या लिओने काय करावं? त्याच्या मुलाचं आर्मेनियन नाव होतं सिंबाटिओस. त्याला सहसम्राट म्हणून मुकुट घालताना त्याने नाव बदलून कॉन्स्टंटाइन ठेवलं. कारण तिसरा लिओ आणि त्याचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन ही जोडी विजयी म्हणून लोकांच्या मनात होती. आता सैन्य जयघोष करणार तो पुन्हा "लिओ आणि कॉन्स्टंटाइन" असाच! नावाने मात्र तारलं नाही. 820 च्या नाताळात लिओचा खून झाला आणि मुलांचं खच्चीकरण करून त्यांना बेटावर धाडलं. ह्या मुलाला इतिहासकारांच्या यादीत आकडाही मिळाला नाही.

सहावा आणि सातवा लक्षात ठेवायला एकच खोली पुरते : राजवाड्यातली पोर्फिरा, जांभळ्या दगडाने मढवलेलं राण्यांचं बाळंतपणाचं दालन. सहावा त्याच खोलीत जन्मला आणि 797 मध्ये त्याच्या आईने, आयरीनने, त्याच खोलीत त्याचे डोळे काढवले. सातव्याचा जन्म आईबापांच्या लग्नाआधीचा, म्हणून त्याच्या हक्काबद्दल कुजबुज होती. 'पोर्फिरोजेनिटोस', म्हणजे जांभळ्या दालनात जन्मलेला, हे बिरुद त्याने आयुष्यभर मिरवलं ते ह्याच कुजबुजीला उत्तर म्हणून.

आठवा आणि नववा हे सासरा-जावई. आठव्याची मुलगी झोई हिचा तिसरा नवरा म्हणजे नववा. इस्तंबूलला हागिया सोफियाच्या दक्षिणेकडच्या वरच्या गॅलरीत त्या दोघांचं मोझेक आहे : मधे ख्रिस्त, एका बाजूला पैशांची थैली धरलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला गुंडाळी घेतलेली झोई. ते चित्र मुळात झोईच्या आधीच्या एका नवऱ्याचं होतं. नवऱ्याचा चेहरा बदलला, ख्रिस्ताचा आणि झोईचाही नव्याने बसवला, आणि जुनं नाव काढून तिथे 'कॉन्स्टंटाइन' घातलं. सम्राटाच्या डोक्यावरच्या त्या ओळीत घराण्याचं नावही आहे, मोनोमाखोस. नववा असं कुठेही नाही.

दहाव्याबद्दल मला फारसं सांगावंसं वाटत नाही. त्याने सैन्यावरचा खर्च कापला आणि त्याची किंमत पुढच्यांनी मोजली. आणि शेवटचा, 29 मे 1453 ला तुर्कांनी राजधानी घेतली तेव्हा तटावर लढताना पडलेला. त्याच्या आईचं नाव हेलेना, आणि शहर वसवणाऱ्या पहिल्याच्या आईचंही हेलेनाच. हा योगायोग त्या काळच्या लोकांनीच टिपून ठेवला : हेलेनाच्या मुलाने वसवलं, हेलेनाच्या मुलाच्या हातून गेलं. त्याला कोणी अकरावा म्हणतं, कोणी बारावा. 1204 मध्ये पश्चिमेकडच्या धर्मयोद्ध्यांनी राजधानी लुटली, त्या धामधुमीतला कॉन्स्टंटाइन लास्कारिस धरायचा की नाही, त्यावर ते ठरतं.

वाचायला सुरुवात कुठून करू, असंही तुम्ही विचारलंत. पहिल्यापासून किंवा शेवटच्यापासून सगळेच करतात. तुम्ही पाचव्यापासून करा. मात्र त्याच्याबद्दलचं जवळजवळ सगळं त्याच्या शत्रूंनी लिहिलंय, हे वाचताना धरून चाला.