‘नको’

मेल मेडिकल वॉर्डातल्या १४ नंबर खाटेवरच्या बाबांकडे एकच शब्द शिल्लक राहिला होता. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, उजव्या अंगावरून वारं गेलेलं, हातापायाबरोबर वाचाही गेलेली. चहा पुढे केला, ‘नको.’ बीपी घेतलं, ‘नको.’ मुलगा भेटायला आला तेव्हा त्याचं मनगट घट्ट धरून, डोळ्यांत पाणी आणून पुन्हा ‘नको’च. अशा पेशंटच्या तोंडात एखादा शब्द अडकून बसतो, त्याला अर्थ असतोच असं नाही, हे मी शिकलेली होते. त्या शिकण्यानंच मी फसले.

सहाव्या दिवशी मॉर्निंग ड्यूटीला आले. नाइटच्या सिस्टरनं ओव्हर देताना सांगितलं, कुशीवर वळवताना बाबा फार चिडचिड करतात. राउंड, इंजेक्शनं, दोन डिस्चार्ज यात दहा वाजले. बॅक केअरला, म्हणजे पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घ्यायच्या काळजीला, खाटेशी गेले तर बाबांच्या बायकोनं, आजींनी, कामाला सुरुवातच केली होती. पदर खोचला, बाबांचा लुळा हात मनगटाशी धरला आणि विहिरीतून पोहरा शेंदावा तसा ओढला. ‘नको, नको!’ आणि बाबांचा चांगला हात झटकन उजव्या खांद्यावर गेला.

‘आजी, थांबा, थांबा!’

‘समद्यालाच नको म्हनत्यात बाई त्ये.’

शर्ट बाजूला केला. खांद्याच्या हाडाखाली खोबण पडली होती, माझं एक बोट सहज बसेल एवढी. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत टेकवलेला चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम बरंचसं स्नायूंचं. ते लुळे पडले की अख्ख्या हाताचं ओझं तिथून लोंबकळतं. त्यात हात ओढला, किंवा काखेत हात घालून माणूस वर उचलला, की सांधा खाली निसटतो.

आजींना रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. दर दोन तासांनी वळवा, हे पहिल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं, चालता चालता. कसं वळवायचं ते दाखवलं नव्हतं. आजींनी रात्रीचेही दोन तास चुकवले नव्हते. बाबांच्या पाठीवर, माकडहाडावर, टाचेवर एक लाल डाग नव्हता. आमच्या चार्टवरही सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. चार्टात ‘कसं’ला रकाना नसतो.

डॉक्टरांना बोलावलं. एक्स-रेत हाड शाबूत, सांधा अर्धवट निसटलेला. हाताला सतत आधार द्या, ओढणं बंद, एवढं सांगून फिजिओथेरपिस्ट पुढच्या वॉर्डात गेले.

आधार द्यायला उशा लागतात, आणि आमच्याकडे खाटेमागे उशी एक. तीही कधी कधी. आजींनी खाटेखालचं गाठोडं सोडलं. दोन गोधड्या निघाल्या आणि एक जुनं नऊवारी. लुगड्याची रुंद घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत बाबांच्या अंगाखाली सरकवली. एका बाजूला वॉर्डातले मामा, दुसरीकडे मी, कडा मुठीत गुंडाळलेल्या. आजींनी फक्त लुळा हात पेलायचा, दोन्ही तळव्यांवर, काठोकाठ वाढलेलं ताट न्यावं तसा.

बाबा डाव्या कुशीवर आले. उजवा हात पुढे गोधडीवर, मनगट न लोंबता. पाय गुडघ्यात थोडा वाकवून दुसऱ्या गोधडीवर. मुलानं तळहातात दिलेला रबरी चेंडू काढून टाकला, त्यानं बोटं मोकळी होण्याऐवजी मूठ आवळायची सवय लागते. पुढे उजव्या कुशीवरही झोपवायचंय म्हटल्यावर आजी दचकल्या. ‘मेल्या अंगावर?’ हो, त्याच अंगावर. मात्र आधी खांद्याचं पातं हलकेच पुढे घ्यायचं, म्हणजे भार खांद्याच्या टोकावर न येता पात्यावर येतो. आणि त्या बाजूला अंथरूण लागलं की ही बाजूही आपलीच आहे हे अंगाला कळत राहतं. त्या दिवशी खांदा दुखरा होता म्हणून ती कुशी टाळली.

बाराला पेज आली. गिळण्याची तपासणी आधीच झालेली होती. लुगड्यावरूनच वर सरकवून बाबांना ताठ बसवलं, उजवा हात उशीवर. मी मुद्दाम त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एक आवाज नाही.

आजींनी चमचा पुढे केला.

‘नको,’ बाबा म्हणाले आणि तोंड उघडलं.