तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धाला संसदेची परवानगी लागते का?

मे २०२५ मध्ये मुंबईत मॉक ड्रिलचे भोंगे वाजले, त्याच दिवशी पहाटे ऑपरेशन सिंदूर झालेलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागेच लागलाय. वर्गात पोरं विचारतात, ट्रेनमध्ये रोजच्या ग्रुपमधल्या बायका विचारतात, की मॅडम तुम्ही राज्यघटना शिकवता ना, मग सांगा, सरकारला युद्ध करायचं असेल तर आधी संसदेची परवानगी लागते की नाही?

नाही लागत. घटनेत तसं कुठेच लिहिलेलं नाही. हे सांगितलं की कोणाचा चेहरा पडतो, कोणी म्हणतं बरंच आहे की, शत्रू दारात आल्यावर मतदान घेत बसायचं का. दोघांनाही नीट उत्तर द्यायचंय, म्हणून लिहून काढते.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या काकूंनी, १९८७ साली. मी तेव्हा लॉच्या पहिल्या वर्षाला होते. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या, काका गिरणीच्या संपापासून घरी, आणि मोठा मुलगा फौजेत. त्याचं इनलँड आलं की मी वाचून दाखवायचे. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, नाव, युनिट आणि खाली केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, बस, गावाचं नाव नाही, फौजेच्या पत्त्यावर ते नसतंच. काकू ते निळं पत्र उलटसुलट करायच्या आणि म्हणायच्या, अगं पण हे छप्पन आलं कुठं? तो होता श्रीलंकेत. जुलैत कोलंबोला करार झाला, दुसऱ्याच दिवसापासून आपली शांतिसेना तिथे उतरायला लागली, गेली होती एलटीटीईसारख्या तमिळ बंडखोर संघटनांची शस्त्रं जमा करून घ्यायला आणि ऑक्टोबरपासून त्याच एलटीटीईशी लढायला लागली. एकदा पत्र वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या, आपलं त्यांचं काय भांडण नव्हतं ना पोरी, मग आमच्या पोराला तिकडं धाडायचं ठरवलं कोणी?

मी त्या रात्री पुस्तक घेऊन बसले. कलम ५३, पोटकलम २: संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि त्याचा वापर कायद्याने नियमित केला जाईल. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे ठरवतं मंत्रिमंडळ. पण ते शेवटचे शब्द बघा, कायद्याने. तो कायदा संसदेनेच करायचा, युद्ध आणि शांतता हा विषयसुद्धा केंद्राच्या सूचीत आहेच. आणि आजपर्यंत तो कायदा झालेलाच नाही! आर्मी ॲक्ट आहे, पण तो भरती, शिस्त, कोर्टमार्शलचा, फौज कुठे आणि कोणाला विचारून पाठवायची हे त्यात नाही.

मग सरकारवर लगाम काहीच नाही का, तर आहे, पण सगळा नंतरचा. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, अविश्वास ठराव आणता येतो, पैसा संसद मंजूर करते. खूप जण इथे कलम ३५२ सांगतात, की बघा, दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही एका महिन्यात आणि विशेष बहुमताने. ती आणीबाणीला लागते हो, युद्धाला नाही. कारगिल आणीबाणी न लावताच लढलो आपण.

कारगिलचंच घ्या. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, लोकसभा विसर्जित झाली, आणि मे ते जुलै युद्ध चाललं काळजीवाहू सरकारच्या हाताखाली. जबाबदार कोणाला, तर जी लोकसभा अस्तित्वातच नाही तिला. राज्यसभा होती, विरोधी पक्षांनी तिचं अधिवेशन मागितलं, ते झालं नाही. मला हे लागतं, कारण १९६२ मध्ये चीन आत घुसलेला असताना अधिवेशन बोलवा म्हणून नेहरूंकडे आग्रह धरणारे तरुण खासदार वाजपेयीच होते, आणि नेहरूंनी ऐकलं. ८ नोव्हेंबरला, लढाई चालू असताना, संसद बसली, दीडशेच्या वर सदस्य बोलले, सरकारला खूप ऐकून घ्यावं लागलं. त्याच्या आदल्या दिवसांत स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांच्या दबावाने संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं, आपल्या उत्तर मुंबईचेच खासदार ते, आणि मग यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतो ते हेच. संसद बसली म्हणून फौज कमजोर पडली असं कोणीही म्हणू शकत नाही.

आता अमेरिका, कारण पोरं लगेच तिकडे जातात. तिथे युद्ध जाहीर करायचा अधिकार घटनेनेच काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलाय. १७८७ च्या मसुद्यात युद्ध करणं असा शब्द होता तो बदलून जाहीर करणं केला, तो अशासाठी की अचानक हल्ला झाला तर राष्ट्राध्यक्षाला तो परतवता यावा. म्हणजे शत्रू दारात ह्या शंकेचं उत्तर सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी दिलेलं आहे, दारातल्याला हाकला, दुसऱ्याच्या दारात जायचं तर विचारा. पण काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम सगळं त्यानंतरचं. १९७३ ला काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष निक्सनचा व्हेटो, म्हणजे नकाराधिकार मोडून कायदा केला, फौज लढाईत उतरवली तर ४८ तासांत कळवा, मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबवा, आणि २०११ मध्ये लिबियात ओबामांनी ६० दिवस उलटून गेल्यावर सांगितलं की ह्याला कायद्यातली लढाई म्हणताच येत नाही. तरी निदान त्यांना सांगावं तरी लागलं.

म्हणून मला आपल्याकडे ५३(२) खालचा कायदा हवाय. हल्ला झाला तर सरकारने लगेच प्रत्युत्तर द्यावं, पण ठराविक दिवसांत संसद बोलवावीच लागेल, लोकसभा नसेल तर राज्यसभा. सिंदूरवर संसदेत चर्चा झाली जुलैच्या शेवटी, अडीच महिन्यांहून जास्त काळाने, हे मला पटलेलं नाही. आणि श्रीलंकेसारखं दुसऱ्या देशात फौज पाठवायची तर आधी मतदान, तेही व्हिपशिवाय, म्हणजे पक्षाच्या आदेशाशिवाय. व्हिप मोडला की आपल्याकडे खासदारकीच जाऊ शकते, ब्रिटनमध्ये २०१३ ला सीरियावर हल्ल्याचा ठराव पडला तेव्हा पंतप्रधानांच्याच पक्षाचे तीस खासदार विरोधात गेले आणि त्यांची खासदारकी शाबूत राहिली.

१९८७ मध्ये मत घेतलं असतं तरी राजीव गांधींच्या चारशेच्या वर खासदारांनी ते पास केलंच असतं, मान्य. पण कोणीतरी उभं राहून विचारलं असतं ना, त्यांनी शस्त्रं नाही दिली तर काय, किती दिवस राहायचं. शेवटची तुकडी परतली मार्च १९९० मध्ये, तोपर्यंत जवळपास १२०० जवान मारले गेले होते. काकूंचा मुलगा परत आला. त्याच्या त्या पत्रांचा गठ्ठा काकूंनी तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता, चाळ सुटली तेव्हा तो मी पाहिलाय.

परवा एका पोराने विचारलं, असं बिल आणू कोण शकतं मॅडम? मंत्री नसलेला कोणीही खासदार, खासगी विधेयक म्हणून, शुक्रवारी दुपारी त्यासाठी अडीच तास राखलेले असतात. मुंबईतून सहा जण लोकसभेवर जातात. मी सहाही जणांना पत्र पाठवलंय, दोन पानी, मराठीत, ५३(२) खाली अधोरेखित करून.