लिथियम सेलचं टर्मिनल निवडताना: आटे, स्टड की दोन भोकं? माझा अनुभव

घरच्या २४ व्होल्ट इन्व्हर्टरसाठी २८० अँपिअर-अवरचे आठ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये जोडायचे होते. सेल ठरले, बीएमएस (सेलवर नजर ठेवून त्यांना जपणारं सर्किट) ठरला, आणि ऑर्डर देताना विक्रेत्याने विचारलं, "टर्मिनल कुठलं पाठवू?" पर्याय चार होते: ॲल्युमिनियमच्या टर्मिनलमध्येच पाडलेले एम६ चे (६ मिमी व्यासाचे) आटे, लेझरने वेल्ड केलेला एम६ चा स्टड (वर उभा राहणारा आट्यांचा दांडा), वेल्ड केलेली दोन भोकांची पट्टी, आणि वर काहीच नसलेलं सपाट टर्मिनल.

सपाट टर्मिनल लगेच बाद केलं. ते कारखान्यात लेझरने बसबार (दोन सेल जोडणारी धातूची पट्टी) वेल्ड करणाऱ्यांसाठी असतं. १८६५० या छोट्या दंडगोल सेलला निकेलची पट्टी चिकटवणारा घरगुती स्पॉट वेल्डर इथे कामाचा नाही.

उरलेल्या तिघांकडे बघण्याआधी प्रवाहाचा हिशोब केला. २ किलोवॉटचा लोड आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर आठ सेलच्या २५.६ व्होल्टला बॅटरीतून साधारण ८७ अँपिअर जातात. आठ सेलना सात बसबार, म्हणजे चौदा सांधे, आणि दोन टोकांचे धरून सोळा. एका सांध्याचा रोध ०.१ मिलिओम असेल तर तिथे पाऊण वॅट उष्णता होते, ती कुणाला जाणवतही नाही. तोच १ मिलिओम झाला तर साडेसात वॅट, तेही नखाएवढ्या जागेत. या सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध पाव मिलिओमच्या आत असतो. म्हणजे एक सैल नट अख्ख्या सेलच्या चौपट रोध आणून ठेवतो.

आता आट्यांचं टर्मिनल. भोकाची खोली जेमतेम ५ ते ६ मिमी असते. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने माझ्या सेलची मोजली तर साडेपाच भरली. यात थेट बोल्ट लावायचा तर गणित असं: बसबार २ मिमी, बीएमएसच्या तारेची लग (तारेच्या टोकाची भोकाची चकती) १ मिमी, साधा वॉशर १.६, स्प्रिंग वॉशर १.६, एकूण ६.२. एम६ × १० चा बोल्ट घेतला तर आत ३.८ मिमी जातो. एम६ च्या आट्याचं अंतर १ मिमी, म्हणजे मऊ ॲल्युमिनियमचे चारच आटे सगळा ताण घेणार. एम६ × १२ घेतला तर आत जायला ५.८ हवेत आणि भोक आहे साडेपाच. बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क रेंच 'टक' करून सांगतो की झालं, आणि बसबार मात्र खाली सैलच. ही चूक डोळ्यांना दिसत नाही. मध्ये ११ चा बोल्ट दुकानात सहज मिळत नाही, म्हणून १२ च्या बोल्टखाली आणखी एक वॉशर घालावा लागतो. तेव्हा ४.२ मिमी आत जातात आणि काम भागतं. पण उद्या एखादी लग वाढली की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक वेळी बोल्ट काढला-लावला की झीज ॲल्युमिनियमच्या आट्यांची होते. ते गेले तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवण्याचा उद्योग करावा लागतो, आणि तो करताना ड्रिल अर्धा मिमी जरी जास्त खाली गेलं तरी सेल संपला.

म्हणून आट्यांच्या टर्मिनलमध्ये बोल्टऐवजी स्टेनलेसचा एम६ × २० ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) कायमचा बसवायचा आणि वरून नट आवळायचा. सेलचे आटे एकदाच वापरले जातात. पुढची सगळी उघडझाक नटाच्या आट्यांवर. मी हाच मार्ग धरला. भोकातला तेलकटपणा आणि कीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचा. स्क्रूच्या खालच्या आट्यांवर लॉकटाइट २४३ (आटे धरून ठेवणारा गोंद) चा एक थेंब. ॲलन कीचा लांब दांडा स्क्रूत घालून आखूड दांडा बोटांनी फिरवायचा, म्हणजे जोर आपोआप बेताचा राहतो. तळाला टेकला की पाव फेरा मागे. स्टेनलेसवर लॉकटाइट सावकाश धरतं, म्हणून २४ तास हात लावायचा नाही.

वेल्ड केलेला स्टड दिसायला सोपा. प्रत्यक्षात दोन गोष्टी बघाव्या लागतात. बुडाशी वेल्डचा उंचवटा असेल तर बसबार त्यावर डुगडुगतो आणि टेकतो फक्त कडेला. मग बसबारचं भोक थोडं मोठं करावं लागतं. दुसरं, जास्त आवळलं की वेल्ड तुटून स्टड जागीच फिरायला लागतो, आणि त्यावर घरी काही इलाज नाही.

दोन भोकांचं टर्मिनल मला तिन्हींत भक्कम वाटतं. बसबार फिरत नाही आणि दाब दोन ठिकाणी वाटला जातो. पण भोकांमधलं अंतर उत्पादकागणिक बदलतं, त्यामुळे बसबार सेलबरोबरच मागवावा. प्रवाह १५० अँपिअरच्या वर जाणार असेल तर मी हेच घेईन.

जोडणीत सर्वात जास्त बिघडतो तो वॉशरचा क्रम. प्रवाह टर्मिनलच्या पृष्ठभागातून सरळ बसबारमध्ये जायला हवा. स्टेनलेसचा रोध तांब्याच्या चाळीसपट, त्यामुळे टर्मिनल आणि बसबारच्या मध्ये वॉशर कधीच नको, लगही नको. खालून वर: टर्मिनल, बसबार, लग, वॉशर, नट. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर काही क्षणांत येतो. म्हणून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, अल्कोहोलने पुसायचं, ऑक्साइड रोखणारी पेस्ट बोटाने पुसल्यासारखी पातळ लावायची आणि लगेच बसबार ठेवायचा. बसबार मात्र घासू नये, मुलामा जातो. उघडं तांबं ॲल्युमिनियमवर बसवू नये; कोकणातल्या खारट दमट हवेत तर अजिबात नाही. कथिलाचा किंवा निकेलचा मुलामा हवाच.

चार्ज-डिस्चार्ज होताना सेल फुगतात आणि बसतात. सरळ जाड पट्टी असली की तो सगळा ओढा टर्मिनलच्या सीलवर येतो. मधे कमान असलेला किंवा पातळ पत्र्यांच्या थरांचा बसबार ती हालचाल स्वतः झेलतो.

नट ४ न्यूटन-मीटरला आवळले. ढोबळ सूत्राने तेवढ्यात साधारण ३४० किलोच्या भाराइतका दाब येतो, आणि तो पुरतो. मोटारीच्या गॅरेजमधला टॉर्क रेंच इतक्या खाली जात नाही. सायकलवाल्यांचा छोटा लागतो. त्याच्या दांड्यावर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. हे सेल शॉर्ट झाले की पाना वितळवतात.

तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. ५० अँपिअरचा लोड लावायचा, एक टोक टर्मिनलच्या धातूवर, दुसरं बसबारवर. चांगला सांधा २-३ मिलिव्होल्ट दाखवतो. सोळाही आकडे कागदावर लिहायचे आणि जो वेगळा पडेल तो उघडून परत घासायचा.

बीएमएसच्या तारा सगळ्या एकाच ध्रुवावर लावल्या, माझ्याकडे धनवर. त्यामुळे प्रत्येक सेलच्या आकड्यात त्याच्याच अलीकडचा बसबार धरला जातो आणि दोष कुणाचा ते कळतं. फक्त पहिल्या सेलच्या आकड्यात बसबार येत नाही. एखादा सेल चार्जिंगला इतरांपेक्षा वर, लोडवर खाली, आणि बंद असताना बरोबरीत असेल, तर सेलला दोष देण्याआधी त्याच्या बसबारचे दोन्ही नट बघावेत. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं, म्हणून आठवड्याने सगळे नट पुन्हा ४ वर तपासायचे. ग्रब स्क्रू असल्यामुळे त्या वेळी लॉकटाइटला धक्का लागत नाही.