साचेखात्यातले पणजोबा

पणजोबांच्या गिरणीतल्या नोकरीचा एकच कागद आमच्याकडे उरलाय. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या अर्जासाठी आजोबांचे पुरावे शोधताना तो आत्याच्या ट्रंकेत सापडला. नाव, तिकीट नंबर आणि खातं : विव्हिंग, म्हणजे विणकामाचं साचेखातं.

घरात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जाई. संगमेश्वराकडून बोटीने आले, गाववाल्या जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने, चिकटवलं, दोन साचे (माग) चालवले, पोरांना शिकवलं. गरिबीतून वर आलेलं घर. मीही ही गोष्ट बऱ्याच जणांना ऐकवली आहे, थोडी तिखटमीठ लावून.

खरं काय ते बघावं म्हणून एक दिवस रजा टाकली आणि आधी काळा घोड्याला गेलो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच पुराभिलेखागार आहे. १९२८ च्या मोठ्या संपाबद्दल मिळेल ते वाचायचं होतं. एका माणसाने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, या मालकांच्या हट्टाविरुद्ध तो सहा महिने चालला. पणजोबा त्यात असणारच, असं धरूनच मी बसलो होतो. वाचता वाचता गाडी अडली ती साचेखात्यावर.

त्या काळी धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेत, सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक छिद्रातून बाहेर काढायला विणकर तोंड लावून ते ओढून घेत. एका धोट्याला चार जणांची तोंडं लागणार. म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात शिरूच देत नसत. ते रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी पगारावर. साचेवाल्याची कमाई गिरणीतल्या कामगारांत वरची. आणि हे दार मालकांपेक्षा सवर्ण कामगारच जास्त जोर लावून बंद ठेवत होते. संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला: मागण्यांमध्ये ही मागणी का नाही?

दुपारी सीएसएमटीहून स्लो लोकल पकडून परळला उतरलो. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, दादरच्या राजगृहात जाण्याआधी, बाबासाहेब राहत होते. जवळच दामोदर हॉल. १९२४ च्या मार्चमध्ये त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभा या संस्थेची पहिली जुळवाजुळव तिथेच झाली. आता सगळीकडे टॉवर, पत्रे, क्रेन. चाळीच्या दारात एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले, "खोली बघायची ना? वर जा. चप्पल काढून जा." त्यांचे वडीलही गिरणीत होते. कुठल्या खात्यात, हे मी विचारलं तेव्हा ते हसले. "रिंगमध्ये. दुसरं कुठे घेणार?" माझ्या पणजोबांचं खातं मीही सांगितलं. "मग चांगला पगार असेल," एवढंच म्हणाले. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

तिथून करी रोडचा पूल ओलांडून चालत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत. तिथल्या बत्तीस इमारतींपैकी एकीत आमची १६० चौरस फुटांची खोली होती. त्या एका खोलीत किती माणसं झोपायची, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. आजोबा मॅट्रिक झाले, वडील बँकेत लागले, मी इंजिनीअर. ही शिडी मी कितीदा तरी मोजलीय, फक्त पहिली पायरी जातीने राखून ठेवलेली होती, हे कधी घरात निघालं नाही. पणजोबांनी स्वतः कुणाला अडवलं असेल किंवा नसेल. जॉबरने त्यांना आत घेतलं ते मात्र आडनाव बघूनच.

रात्री आत्याला फोन केला. ती आधी चिडली. "मग काय करायचं होतं त्यांनी? नोकरी सोडायची? घरी पाच तोंडं होती."

"सोडायची नव्हती गं. पण संपाच्या सभेत ही मागणी निघाली तेव्हा हात वर करता आला असता."

"तुला काय माहीत, केला नसेल?"

"नाही माहीत. पण आपल्या गोष्टीत तो हात कुठेच नाही. केला असता तर आपण सोडला असता का सांगायचा?"

त्यावर ती म्हणाली, कागदाची झेरॉक्स काढून ठेव, मूळ कागद मला परत दे.